रोमच्या अलीकडे

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. अ‍ॅमस्टेलव्हीन

"मी निघाले. जेवण झाकून ठेवलंय."

आई हे वाक्य माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाली तेव्हा मी सहावीत होते. साताऱ्याच्या तिच्या शाळेची सहल वेरूळला जायची होती, आणि अण्णांचं म्हणणं होतं की बाईने चार दिवस घर टाकून जाऊ नये. आई वाद घालत बसली नाही. पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली आणि गेली. अण्णा बराच वेळ ताटाकडे पाठ करून बसले. मग जेवले. मी आणि दादा दाराआडून बघत होतो.

आज हे आठवलं, कारण रवीदादाचा पुण्याहून फोन आला होता. त्याने तळेगावजवळ आईसाठी एक खोली सांगून ठेवली आहे, नोव्हेंबरपासून. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, सहनिवास म्हणायचं. आई सध्या इथे माझ्याकडे आली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. का, तर तिने दोनदा दूध करपवलं आणि एकदा मंडईतून घरी येताना रिक्षावाल्याला साताऱ्याचा पत्ता सांगितला.

"माझं दूध आठवड्यातून दोनदा करपतं," मी म्हटलं. "मलाही टाक तळेगावला."

"अमू, तू पाहुणी आलेली आई बघतेस. मी रोजची बघतो."

हे त्याचं नेहमीचं. रोजचं बघण्याचा मक्ता त्याच्याकडे, म्हणून निर्णयही त्याचे. इटलीलाही त्यानेच मोडता घातला. आईने तीस वर्षं मुलींना रोमन साम्राज्य शिकवलं आणि रोम पाहिलं नाही. मी टस्कनीतली खेडी, द्राक्षमळे, शेवटी तीन दिवस रोम असं सगळं आखलं होतं. दादा म्हणाला, एवढी धावपळ तिला झेपणार नाही. माझ्या नवऱ्याने, प्रतापनेही त्याचीच री ओढली. शेवटी मी इथल्याच, हॉलंडच्या दक्षिण टोकाच्या लिंबुर्गवर आले. मास्ट्रिख्टच्या बाजूला टेकड्या आहेत, द्राक्षमळे आहेत, रोमन रस्ता आहे. डच लोकांची गरिबाघरची इटली म्हणू. ट्रेनने जायचं, ट्रेनने यायचं. ह्याला तर कुणी नाही म्हणू शकत नाही.

मी रोज दादाला एक फोटो पाठवणार आहे. आई काय आहे ते त्याला दाखवून देणार आहे.


रविवार, ५ ऑक्टोबर

आईने आपली बॅग स्वतः भरली. संध्याकाळी पुन्हा उघडून पुन्हा भरली. प्रताप माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, तू ऑफिसच्या कामाला जाताना चार्जर किती वेळा तपासतोस?

शुक्रवारी संकष्टी येते आहे. साबुदाणा, दाण्याचं कूट, जिरं असं एका डब्यात घेतलं. आईने लग्नाआधीपासून एक संकष्टी चुकवलेली नाही. माझ्या बाळंतपणातही दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन चंद्र बघून आली होती.


मंगळवार, ७ ऑक्टोबर. लिंबुर्ग

मास्ट्रिख्टहून बसने इथे आलो. गावाचं नाव मला अजून घशातून नीट काढता येत नाही. घरं पिवळ्या मऊ दगडाची, मागे टेकडी, टेकडीवर द्राक्षाच्या रांगा. आम्ही उतरलो ते घर मारलीन नावाच्या बाईचं. ती साठीची असेल, मळा तिचा आणि तिच्या भावाचा, वरच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते.

बसमध्ये चढताना आईने दारात थांबून माणसं मोजली. बोटाने, ओठ हलवत. मग समाधानाने बसली. मला इतकं हसू आलं. शाळा सोडून सोळा-सतरा वर्षं झाली, सहल म्हटली की बाईंचं बोट उठतंच.

संध्याकाळी मारलीनने वाइन आणली. पांढरी, थंड, हिरवट सफरचंदासारख्या वासाची. आईने पेला नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"आई, घे घोटभर. इथलीच आहे."

"वास घेतला ना. पुरे." मग मारलीनकडे वळून तिच्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत तिने सांगायला सुरुवात केली. रोमन द्राक्षारसाच्या रांजणांचे तुकडे आमच्याकडे नेवाशाला सापडलेत, तेरला सापडलेत. जहाजातून येत होते. सातवाहनांच्या राज्यात लोक इटलीची वाइन पीत होते तेव्हा तुमच्या ह्या टेकडीवर कदाचित लांडगे असतील. मारलीन खूष झाली. "मॅडम, म्हणजे आम्ही तुमच्यानंतरचे," ती म्हणाली.

"सगळेच आमच्यानंतरचे," आई म्हणाली. मी तिचा फोटो काढला, हात हवेत, डोळे चमकलेले. दादाला पाठवला. खाली लिहिलं: तास चालू आहे.

त्याने अंगठा पाठवला. फक्त अंगठा.


बुधवार, ८ ऑक्टोबर

सकाळी न्याहारीला ब्रेड आणि स्ट्रोप. सफरचंद-नासपती आटवून केलेला काळा पाक. आईने चाटला आणि म्हणाली, "ही तर काकवी." मग तीन ब्रेड खाल्ले. मारलीनला काकवी म्हणायला शिकवलं. मारलीन "काकाफी" म्हणते.

आईने तिला विचारलं, एका खोलीत किती मुली झोपतात? मारलीन गोंधळली. मी म्हटलं, आई चेष्टा करते आहे. आईही हसली.

दुपारी मळ्यात गेलो. तोडणी जवळपास संपली आहे, शेवटच्या दोन रांगा राहिल्यात. मारलीनच्या भावाने आम्हाला घड कापू दिले. आई वाकून कापत होती, पदर खोचलेला, पायात माझे बूट. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. दादाला व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी पुन्हा वाइन, पुन्हा वास घेऊन ठेवणं, आणि आईने मारलीनला पुन्हा नेवासा-तेरचे रांजण सांगितले. लांडग्यांसकट. मारलीननेही तितक्याच आवडीने ऐकलं. चांगली गोष्ट दोनदा सांगावीशी वाटतेच. मी स्वतः माझी एकच कथा निरनिराळ्या नावांनी किती वर्षं लिहिते आहे.

आईने आज सकाळपासून दोनदा गावाचं नाव विचारलं. मलाही पाटी वाचावी लागते.


शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपार

लिहिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मधेच वही काढली.

आज संकष्टी. सकाळी मी साबुदाणा भिजत घातला, मारलीनला सांगून चूल वापरायची परवानगी घेतली. आईने अंघोळ केली, गणपतीची छोटी मूर्ती रुमालातून काढून खिडकीत ठेवली. मग आम्ही टेकडीवर फिरून आलो. खाली आलो तर अंगणात टेबल मांडलेलं. मारलीनने फ्लाय केला होता. हा इथला कवचात भाजलेला गोड पदार्थ, एरवी फळांचा, पण हा भाताचा होता. दुधात शिजवलेला भात, अंडं, साखर, वरून भाजून तांबूस केलेला. खिरीला कुणी कडक कपडे घातल्यासारखा. बाजूला वाइन.

मी सांगणार होते की आज आईचा उपवास असतो. त्याआधीच आईने बशी पुढे ओढली. एक तुकडा खाल्ला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग पेला उचलला, नुसता वास घेऊन ठेवला नाही, प्याली. अर्धा पेला.

मी हळूच म्हटलं, "आई, आज चालतं?"

"का नाही चालणार? सहलीला आलोय ना."

मला रडू येईल असं वाटलं. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली, सासर कधीच मागे पडलं, तरी ती त्या घराचे सगळे नियम पाठीवर घेऊन हिंडत होती. आणि आज, इथे, एका परक्या बाईच्या अंगणात, तिने ते ओझं खाली ठेवलं. काही गाजावाजा नाही. वेरूळला निघाली होती तशीच.

तिच्या हातात पेला, पुढ्यात भाताचा फ्लाय, ओठाला साय लागलेली. फोटो दादाला पाठवला. खाली लिहिलं: संकष्टीच्या दिवशी. कुणाचं काही म्हणणं आहे?

ह्या बाईला तू तळेगावला ठेवणार?

नंतर. दादाचं उत्तर आलं. एकच ओळ.

"तिला माहीत आहे का आज संकष्टी आहे?"

किती कोता माणूस. आईने आयुष्यात एक मोकळा श्वास घेतला तर त्यालाही हा आजाराचं नाव देणार. मी लिहून टाकलं, "तू जळतोस." फोन पालथा ठेवला आहे.


शनिवार, ११ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचलं. फाडणार होते. राहू दे.

काल अंधारू लागलं तेव्हा आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली. ओट्यावर भिजवलेला साबुदाणा होता. तिने झाकण काढलं, दाणा बोटाने चेपून पाहिला.

"अगं, आज संकष्टी नाही का. चंद्रोदय किती वाजता?"

"आठच्या सुमाराला," मी म्हटलं.

"बरं झालं, सकाळपासून पोटात काही नाही. त्या बाईने काहीतरी आणलं होतं पुढ्यात, मी हात नाही लावला. तिला वाईट वाटलं असेल का गं?" मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पण आजच्यासारखा भुकेचा विसर कधी पडला नव्हता. हवेचा गुण."

माझ्या खिशात फोन होता. फोनमध्ये तो फोटो होता.

मी खिचडी केली; उपवास सोडायला वरण-भाताचं सामान आणलंच नव्हतं. हात आपोआप चालतात, ते बरं असतं. आईने खिडकीपाशी बसून अथर्वशीर्ष म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होते, कुठे अडखळते का. तशी ऐकत होते ह्याची मला लाज वाटली. चंद्र मळ्याच्या वर आला, फार लाल. आईने हळद-कुंकू वाहिलं आणि मग जेवायला बसली. "चांगली मोकळी झालीय," म्हणाली.

मी तिची ताटली उचलली. तिचा उपवास पुरा झाला होता, तिच्यापुरता.

आज दिवसभर मी एकेक गोष्ट परत उचलून बघते आहे. बसमधलं बोट. एका खोलीत किती मुली. दोनदा भरलेली बॅग. लांडगे. हे सगळं मीच लिहिलं आहे, माझ्या अक्षरात, आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी एक कारण जोडून ठेवलं आहे. दादाकडे दूध आणि रिक्षा दोनच गोष्टी होत्या. माझ्याकडे वहीभर आहेत.

प्रतापला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. "घरी आलात की आपल्या हाउसआर्ट्सला, फॅमिली डॉक्टरला विचारू. निदान कुठली तपासणी करायची ते तरी सांगेल." मग म्हणाला, "दादा हे दोन वर्षं एकटा बघतोय, अमृता."

मी म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं.


रविवार, १२ ऑक्टोबर

रात्रभर ठरवत होते, सांगायचं की नाही. दादा काय करतो? तो तळेगावची खोली न सांगता ठरवतो. मी काय करणार? तिची संकष्टी न सांगता पुरी करणार. म्हणजे आम्ही दोघं सारखेच. हे मला चालणार नाही.

रोमन रस्ता गावाबाहेरून जातो. आता तिथे रस्ता असा दिसत नाही, शेताच्या कडेने सरळ गेलेली गाडीवाट आहे आणि एक पाटी आहे. आई पाटीपाशी खूप वेळ उभी राहिली. इकडून कोलोनला, तिकडून समुद्राकडे, तिने हाताने दाखवलं. "फौज जायची, मग व्यापारी, मग करवसुली. हा क्रम कधी चुकत नाही."

बाकावर बसलो तेव्हा मी सांगितलं. सगळं. भात, अंडं, वाइन, अर्धा पेला.

तिने ऐकलं. शेताकडे बघत होती. मग म्हणाली, "फोटो दाखव."

बराच वेळ पाहिला. "छान आलाय. निऱ्या तेवढ्या सुटल्यात." मग, "चव कशी होती?"

"तुला आवडली होती. दोन तुकडे खाल्लेस."

"मग निदान ते तरी बरं झालं."

मला वाटलं संपलं. पण तिने फोन परत दिला नाही.

"तुला काय वाटलं, मी मुद्दाम मोडली?"

"हो," मी म्हटलं.

"अमू, मला मोडायची असती तर मी सकाळी उठून तुला सांगितलं असतं, आजपासून बंद. मी कधी काही चोरून केलंय? एवढं तुला ओळखू येऊ नये?" ती चिडली होती. खरंच चिडली होती, आणि मला त्याचं बरं वाटलं. "रवी मला रोज विचारतो, आई, आज वार कोणता. मला त्याचा संताप येतो. लहान मूल आहे का मी? पण तो विचारतो. तू माझ्याकडे बघतेस आणि टाळ्या वाजवतेस."

मी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

मग तिने स्वतःच विचारलं, "त्याने काही ठरवलंय ना? फोनवर आवाज बदलतो त्याचा."

मी तळेगावचंही सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. तिने नुसतं नाक उडवलं. "ठरवून टाकलं म्हणे. मी बघेन ती जागा. आवडली तर जाईन, नाही आवडली तर नाही. हे अजून मला सांगता येतंय. येईनासं झालं की मग करा तुमच्या मनासारखं." मग बोटाने गाडीवाट दाखवली. "ही कुठे जाते?"

"सांगितलंस ना आत्ता. कोलोनला."

"तिकडे नाही. मागे. उलटं गेलं तर शेवटी कुठे?"

"रोमला, म्हणायचं तर."

"मग आपण इथे काय करतोय?"

मी म्हटलं, दादाचं म्हणणं होतं तुला झेपणार नाही. आणि, मला नको होतं तरी तोंडातून गेलं, "आई, तू ते विसरलीस तर?"

"विसरेन की. विसरायचंच आहे आता एकेक. पण बघताना तर मी तिथे असेन ना?"

तिने गवताची काडी तोडली आणि दातात धरली. वर्गात कुणी धरली असती तर तिने छडी दाखवली असती.


सोमवार, १३ ऑक्टोबर. अ‍ॅमस्टेलव्हीन

घरी आलो. हाउसआर्ट्सची वेळ बुधवारची मिळाली आहे. आईला सांगितलं. "जाऊ. पण त्याने वार विचारला तर मी सांगणार नाही," म्हणाली.

प्रतापशी तासभर बोलले. तो आवाज चढवत नाही, म्हणून त्याच्याशी भांडायला जास्त दम लागतो.

"तिकडे कुठे हरवली तर?"

"तर शोधू. पुण्यातही हरवलीच होती, आपल्या भाषेत पत्ता सांगून."

"तिला काही झालं तर दादाला काय तोंड दाखवशील?"

"हेच. हेच तोंड."

तो हसला नाही, पण त्याने लॅपटॉप उघडला आणि आईचं परतीचं तिकीट पुढे ढकलायला काय लागतं ते बघू लागला. तिचा व्हिसा डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत आहे. त्याच व्हिसावर इटलीला जाता येतं. नोव्हेंबरमध्ये तिकडे गर्दी नसते, नवं ऑलिव्ह तेल निघतं, खेड्यांतल्या खानावळी उघड्या असतात. रोज थोडं, एका गावात तीन-तीन दिवस. उपवासाच्या दिवशी मी आधी सांगणार, मग ती ठरवणार. मी टाळ्या वाजवणार नाही.

लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे. अशा अवस्थेत आईला घेऊन वाइनच्या गावांत हिंडते. हो, हिंडते. अशा अवस्थेत म्हणूनच. ती बरी आहे हे सिद्ध करायला मी तिला लिंबुर्गला नेलं, ती खोटी सहल होती. ती बरी नाही, आणि जाते आहे, ही खरी.

आई आतल्या खोलीत बॅग भरते आहे. अजून तारीखसुद्धा ठरलेली नाही. मी मोडता घालत नाही.

दादाला लिहिलेलं इथे उतरवून ठेवते, म्हणजे त्याचं उत्तर आल्यावर मला माझे शब्द बदलता येणार नाहीत.

"दादा, तू बरोबर होतास. तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिने तोच उपवास पुन्हा सोडला. मी बघितलं आणि मला एकटीला ते दोन दिवस सहन झालं नाही. तू दोन वर्षं काय केलंस हे मी कधी विचारलं नाही. जळतोस म्हटलं, ते मागे घेते. तळेगावचं तिला मी सांगितलं आहे, राग माझ्यावर काढ. जागा ती स्वतः येऊन बघेल, तोवर कुठेही सही करू नकोस.

आणि मी तिला रोमला नेते आहे. ही परवानगी मागत नाही, कळवते आहे. पुढच्या महिन्यात, दोन आठवडे. तू म्हणशील मी वेडी आहे. म्हण.

मागायचं ते वेगळंच आहे. तुला रजा मिळत नाही, तुला प्रवास आवडत नाही, माझ्याबरोबर तर मुळीच नाही, आणि तू नाही म्हणणार हे धरूनच मी विचारते आहे. गेल्या वर्षी कंपनीने जर्मनीला पाठवताना काढून दिलेला तुझा व्हिसा अजून चालू आहे, तेव्हा ती सबब देऊ नकोस. तिच्या एका बाजूला मी असेन. रोजची आई बघणारं माणूस दुसऱ्या बाजूला हवं. दादा, तू येशील का आमच्याबरोबर?"